सारायेवोचे एक घर

(कासू येथे पालक-विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या कासूहून पेण ते किती दूर! तेथे १८६३ सालचे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून कोकणाने या बेने इस्रायलांना शनवार तेली म्हटले. १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले. पेणकर, रोहेकर ही आडनावे मात्र सोबत घेऊन गेले. इथे त्यांना कोणाच्या भीतीने लपावे लागले नाही. युरोपात दुसऱ्या महायुद्धात तशी वेळ आली, तेव्हा बोस्नियातील सारायेवो शहरी एका मुसलमान जोडप्याने काय केले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

मुस्तफा हर्दागा आणि त्यांच्या पत्नी झेयनेबा. मुस्तफांच्या इमारतीत योसेफ काविलिओ या यहुदी गृहस्थाचा पाइपांचा कारखाना होता. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बाँबफेकीत काविलिओंचे घर कोसळले. मुस्तफांनी त्यांना बायकामुलांसह आपल्या घरी आणले. जर्मन गुप्त पोलिसांची कचेरी जवळच होती!

आता भगिनींनी लक्ष द्यावे. हर्दागांच्या घरी पडदा कडक होता. परक्या पुरुषासमोर स्त्रिया चेहरा उघडा ठेवीत नसत. पण योसेफांना सांगण्यात आले की, तुम्ही घरचेच आहात, तुमच्यासमोर आमच्या स्त्रिया पडदा करणार नाहीत. त्या दिवसांतले एक छायाचित्र आहे. झेयनेबा आणि योसेफांच्या पत्नी रिव्का रस्त्याने चालल्या आहेत. यहुद्यांना सक्तीने बांधावी लागणारी पिवळी खूण रिव्काच्या दंडावर आहे, ती झेयनेबांच्या बुरख्याखाली झाकली गेली आहे. घरात जो पडदा बाजूला ठेवला, तोच बाहेर कामी आला.

पुढे योसेफांनी कुटुंबाला इटालियनांच्या ताब्यातील मोस्तारला पाठविले. स्वतः कारखान्याचा व्यवहार आटोपण्यासाठी मागे राहिले आणि पकडले गेले. बर्फ इतके पडले की कैद्यांना छावणीकडे नेता येईना; साखळदंड घालून त्यांना रस्त्यावरचे बर्फ उपसायला लावले. झेयनेबांनी त्यांना पाहिले आणि जेवण पोहोचविण्यास सुरुवात केली. नाव मुस्तफांचे आधी घेतले जाते, पण माझ्या मते ही हिंमत अधिक मोठी. योसेफ निसटले ते थेट याच घरी. तेथून यथावकाश मोस्तारला.

झेयनेबांच्या वडिलांनीही, अहमद सादिक यांनी, एका यहुदी कुटुंबाला मदत केली होती. त्यांना यासेनोवात्सच्या छावणीत ठार मारण्यात आले. युद्ध संपल्यावर काविलिओ परतले, तेव्हा ठेवायला दिलेली दागिन्यांची पेटी हर्दागांनी जशीच्या तशी हाती दिली.

१९८४ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने हर्दागांचा गौरव केला. मुस्तफा तेव्हा हयात नव्हते. १९९२ पासून सारायेवोला वेढा पडला, तोफा धडाडू लागल्या. १९९४ मध्ये वृद्ध झेयनेबांना लेक, जावई आणि नातीसह त्या वेढ्यातून बाहेर काढून जेरुसलेमला नेण्यात आले.