पन्नाशी, मका आणि मोटार



आपल्याकडे पन्नासावें वर्ष लागलें कीं वैष्णवी शांति करण्याचा प्रघात आहे. त्या विधींत समारंभापेक्षां हिशेबच अधिक असतो. अर्धी-अधिक वाट सरली, मागें काय उरलें, पुढच्यांच्या हातीं काय द्यावयाचें, हें मनुष्य त्या दिवशीं मनाशीं मोजून पाहतो.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत स्थायिक झालेला आहे. २०२५ सालीं त्याला पन्नास वर्षें पूर्ण झालीं. मीं आशीर्वादाचें पत्र धाडलें. त्याचें जें उत्तर आलें, त्यांत स्वतःविषयीं चार ओळी आणि मक्याविषयीं चार पानें होतीं! "मामा, मी येथें राहावयास आलों तेव्हां घरामागें कुरण होतें, गाई चरत असत. आतां क्षितिजापर्यंत मकाच दिसतो, आणि तो कोणी खात नाहीं," असें त्यानें लिहिलें. आजचें भाषण त्या पत्रावरून सुचलें.

मक्यापासून मोटारीसाठीं मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, काढण्याचें अमेरिकेचें धोरण जवळजवळ या माझ्या भाच्याच्याच वयाचें आहे. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखून धरलें आणि अमेरिकेंत पेट्रोलसाठीं रांगा लागल्या. त्या धक्क्यांतून १९७८ चा कायदा निघाला. दहांत एक भाग मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलवरील करांत गॅलनमागें ४ सेंटांची सूट मिळाली. पुढें पंचवीस वर्षें हा उद्योग बेताबेतानेंच वाढला. खरी कलाटणी मिळाली ती २००५ आणि २००७ सालच्या कायद्यांनीं. तेल-कंपन्यांवर जैव-इंधन मिसळण्याची सक्ती झाली, आणि त्यांतील मक्याच्या मद्यार्काचा वाटा २०१५ पर्यंत वर्षाला १५०० कोटी गॅलनांपर्यंत चढत नेला गेला. सूट देणें निराळें आणि सक्ती करणें निराळें. गिऱ्हाईक कायद्यानेंच बांधून दिलें, मग शेतकऱ्यानें मका पेरला यांत त्याचा दोष कोणता?

एक बुशेल, म्हणजे सुमारें २५ किलो मक्यापासून साडेदहा-अकरा लिटर मद्यार्क मिळतो. आठ किलोंच्या आसपास चोथा उरतो, तो गुरांना उत्तम खाद्य म्हणून जातो. अमेरिकेचा चाळीस टक्के मका मोटारींत जळतो असें जें सर्रास म्हटलें जातें, त्यांतून हा चोथा वजा केला पाहिजे. टीका करणारे तो सोयिस्करपणें विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलें.

परंतु चोथा वजा करूनहि प्रश्न उरतो तो जमिनीचा. आयोवांत एकेकाळीं पुरुषभर उंचीच्या गवताचीं मैदानें होतीं. तीं नांगराखालीं गेलीं ती एकोणिसाव्या शतकांतच. आज हजारांत एक भागहि शिल्लक नाहीं. तें पाप मद्यार्काच्या माथीं मारतां येत नाहीं. मात्र उताराची, हलक्या मातीची जी जमीन धूप होऊं नये म्हणून मुद्दाम गवताखालीं ठेवावयाची, तिच्यासाठीं १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांस भाडें देत आलें आहे. २००७ सालीं अशी जमीन देशभरांत ३ कोटी ६० लाख एकरांहून अधिक होती. मक्याचा भाव चढला तसें भाडें फिकें पडलें आणि दहा वर्षांच्या आंत ती अडीच कोटी एकरांच्याहि खालीं आली. २००६ ते २०११ या पांच वर्षांत आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि दोन्ही डाकोटा मिळून गवताळ जमीन सुमारें १३ लाख एकरांनीं घटली, असें २०१३ सालच्या एका शास्त्रीय पाहणींत आढळलें. २०२२ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार सक्तीमुळें मक्याचा भाव सुमारें ३० टक्क्यांनीं आणि क्षेत्र सुमारें ७० लाख एकरांनीं वाढलें. नव्यानें नांगरलेल्या जमिनींतून सुटणारा कर्बवायू धरतां हें इंधन पेट्रोलपेक्षां स्वच्छ ठरत नाहीं. त्यांच्या कृषिखात्याचे व प्रयोगशाळांचे कांहीं पंडित हा निष्कर्ष मानीत नाहींत; वाद चालू आहे.

खेड्यांचें काय झालें? लाभ झाला, हें नाकारूं नये. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांप्रमाणेंच तेथेंहि आरंभींचे अनेक कारखाने शेतकऱ्यांनीं भागभांडवल उभारून काढले. ओस पडूं लागलेल्या गांवांत नोकऱ्या आल्या. पण २००५ सालीं आयोवांत सरासरी एकरास सुमारें २,९०० डॉलर असलेला जमिनीचा भाव २०१३ सालीं ८,७०० डॉलरांवर गेला. तेथें निम्म्याहून अधिक जमीन खंडानें कसली जाते. भाव चढला तसा खंडहि चढला. ज्याच्या नांवावर जमीन होती तो सुखावला. ज्या तरुणाला नव्यानें शेती करावयाची होती, तो कुंपणाबाहेरच राहिला. भाच्याचा शेजारी असाच खंडकरी होता. त्यानें शेती सोडून आतां मालमोटार हाकण्याचें काम धरलें आहे.

मका नत्राचा मोठा भुकेला. जें खत त्याला पचत नाहीं तें भूमिगत नळांतून नद्यांत उतरतें. डी मॉइन ही आयोवाची राजधानी. तिला नदीचें पाणी पिण्याजोगें करण्यासाठीं नायट्रेट काढण्याचें स्वतंत्र यंत्रगृह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून चालवावें लागतें. जून २०२५ मध्यें तेंहि अपुरें पडलें आणि सुमारें सहा लक्ष वस्तीच्या त्या प्रदेशांत हिरवळीला पाणी घालण्यास बंदी झाली. नदी दुथडी भरून वाहत असतां पाण्याचा तुटवडा! माझ्या भाच्याचा वाढदिवस त्याच महिन्यांत होता.

हें सर्व परक्या देशाचें म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु आपणहि त्याच वाटेला लागलों आहोंत. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानंतर पेट्रोलमध्यें वीस टक्के मद्यार्क मिसळण्याचें जें उद्दिष्ट ठरलें, तें २०२५ सालींच गांठलें गेलें. आरंभीं आपला सारा भर उसावर होता. २०२३-२४ च्या हंगामांत मक्याचा वाटा सर्वांत मोठा झाला. एके काळीं मका निर्यात करणारा आपला देश २०२४ सालीं निर्यातीपेक्षां अधिक मका आयात करूं लागला, आणि कुक्कुटपालन करणारे खाद्य महाग झालें म्हणून गाऱ्हाणें मांडूं लागले. मक्याला बरा भाव मिळाला याचा आनंद आहेच; कोरडवाहू शेतकऱ्याच्या वांट्याला असे दिवस क्वचित् येतात. पण आपल्याजवळ आयोवासारखीं राखून ठेवलेलीं कुरणें नाहींत. आपल्याकडे मका वाढतो तो कोणत्या तरी दुसऱ्या पिकाच्या जागीं. तें पीक तूर होतें, बाजरी होती, कीं जनावरांच्या वैरणीची ज्वारी होती, हें सात-बाराच्या उताऱ्यावरील पीकपाहणींत गांवोगांव नोंदलेलें असतें. जालना, नाशिक, जळगांवकडील एखाद्या तालुक्याचे दहा वर्षांचे उतारे शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचें काम महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस एका सुटींत करतां येईल. नव्या कारखान्यास परवाना देण्यापूर्वीं तें झालें, तर बरें.