आजीचें नांव

आजी गेल्यानंतरच्या दुसऱ्या भाद्रपदांत त्या घरीं महालयाचें श्राद्ध झालें. पुरुषांच्या तीन पिढ्यांचीं नांवें घेऊन झाल्यावर भटजींनीं विचारलें, "माता?" मुलानें आईचें नांव सांगितलें. "पितामही?" तेंही आठवलें. "प्रपितामही?" येथें तो थांबला, आणि जुन्या वहीचीं पानें चाळून त्यानें तिसरें नांव कसेंबसें वाचून दाखविलें. शास्त्रानें घरच्या स्त्रियांना दिलेलें स्मरण तीन पिढ्यांचें. तिसऱ्या पिढीलाच त्याला वहीचा आधार लागला.

शेजारीं बसलेल्या नातवाच्या मनांत मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. आजीचें म्हणून जें नांव उच्चारलें गेलें, तें लग्नांत तबकांतील तांदळांवर लिहून ठेवलेलें सासरचें नांव. त्यापूर्वीं तिचे आईबाप तिला कोणत्या नांवानें हांक मारीत? पंक्तीला बसतांना त्यानें विचारलें. कोणालाच सांगतां येईना.

सांगण्यासारखें इतर पुष्कळ होतें. थोरल्या सुनेला तिच्या हातचें मेतकूट आठवलें. धाकटीला आपल्या बाळंतपणांत तिनें केलेलीं जागरणें. नातवंडांना कनवटीच्या पुरचुंडींतून निघणारा खडीसाखरेचा खडा आठवला. आठवणी खऱ्या होत्या, आणि डोळे पुसून सांगितल्या जात होत्या. परंतु प्रत्येक आठवणींत आजी कोणासाठीं तरी कांहीं करीत होती. ती स्वतः कोण होती, हें एकींतही नव्हतें.

नातवाला तेव्हां एक दुपार आठवली. सहा-सात वर्षांचा असतांना त्यानें तिला विचारलें होतें, "आजी, तुझं नांव काय ग?" गहूं निवडतां निवडतां ती हंसली. "आजीला कुठं नांव असतं होय रे?" त्याला तेवढें उत्तर पुरलें, आणि तो खेळावयास पळाला. पुढें तीस वर्षें आजी त्याच घरांत वावरली. प्रश्न पुन्हां कोणीं विचारला नाहीं.

ही गोष्ट एकाच घरची नव्हे. रमाबाई रानडे १८७३ सालीं विवाह होईपर्यंत यमुना होत्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या, लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून छापून निघालीं. म्हणून त्यांचीं बाळपणें लोकांस कळलीं. ज्यांच्या हातीं लेखणी आली नाहीं, त्यांच्यापाशीं जातें होतें. पहाटेच्या ओवींत आईबाप येत, भाऊ येई, माहेरची वाट येई. चारचौघांत बोलतां न येणारें तेथें गातां येई. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहांत ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांवही टिपलेलें आहे. कोणीं तरी विचारलें, म्हणून तें उरलें. या घरांत पिठाची गिरणी जवळ आली आणि जातें बंद झालें. आजीच्या ओव्या कोणीं ऐकून ठेवल्या नाहींत.

दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना पितळेची एक कळशी खालीं आली. चिंच लावून घासतांच काठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलीं अक्षरें उघडीं पडलीं. आरंभीं ‘चि. सौ. कां.’, पुढें त्या घरांत कोणींही कधीं न ऐकलेलें एक नांव, आणि शेवटीं ‘मामाकडून’ हा शब्द. घरांत नळ येईपर्यंत याच कळशीनें पाणी भरलें गेलें होतें. आजीनें ती शेंकडों वेळां घासली असेल, आणि दर वेळीं तिच्या बोटांना आपलें नांव लागलें असेल.

नातवानें तें नांव वहींत, सासरच्या नांवाखालीं, लिहून ठेवलें. महालयांत त्याचा उच्चार होणार नाहीं. विधीला माहेरचें नांव लागत नाहीं. कळशी मात्र पुन्हां माळ्यावर गेली नाहीं.

ज्या घरीं आजी अजून गहूं निवडीत बसली आहे, त्या घरच्या मुलांनीं हा प्रश्न आजच विचारावा. आणि पहिलें उत्तर ऐकून खेळावयास पळूं नये.