खुंटी घेऊन येणारा पाहुणा



आतड्यात तग धरणं सोपं नाही. अन्न सतत पुढे ढकललं जात असतं, अस्तरावर चिकट श्लेष्म पाझरत असतं, आणि अस्तराच्या पेशीही चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. ज्या जिवाणूला काही धरता आलं नाही, तो मलाबरोबर बाहेर पडतो. म्हणून जुलाबाच्या पुष्कळ जिवाणूंना आधी चिकटावं लागतं. पुढचा सगळा उपद्रव त्यानंतरचा. डुकरांच्या काही पिल्लांच्या आतड्यात एका विशिष्ट ई. कोलायला धरायला जागाच जन्मतः नसते. त्या पिल्लांना त्या जिवाणूचा जुलाब होत नाही.

आज मी बोलणार आहे तो ई. कोलाय तान्ह्या बाळांना छळणारा आहे. थिओडोर एशेरिकनं 1885 मध्ये ई. कोलायचं वर्णन केलं, तेव्हापासून तो पोटातला निरुपद्रवी रहिवासी समजला जाई, आणि त्याचे बहुतेक प्रकार तसे आहेतही. पण 1945 साली इंग्लंडमध्ये जॉन ब्रे यांनी उन्हाळी जुलाबानं आजारी पडलेल्या बाळांच्या मलात त्याचाच एक ठरावीक प्रकार दाखवला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं त्याचं चित्र मी वर्गात दर वर्षी दाखवतो. निरोगी पेशीच्या माथ्यावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर दाटीनं उभे असतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यातून. जिवाणू बसला आहे तिथली लव मात्र साफ झालेली दिसते. आणि त्याच्या खाली पेशीनंच एक ओटा उभारलेला असतो! जिवाणू जेमतेम दोन मायक्रॉन लांबीचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत पाचशे मावतील एवढा. तो पेशीच्या आत शिरत नाही, देवघरातल्या मूर्तीसारखा त्या चौथऱ्यावर बसून राहतो.

त्याच्या अंगावर इंटिमिन नावाचं प्रथिन असतं. इंटिमिन पेशीवर नेमकं कशाला धरतं, हा प्रश्न बरीच वर्षं होता. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन सापडलं होतं आणि ते पेशीचंच आहे असं सर्वांनी धरलं होतं. 1997 मध्ये कॅनडात, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, ब्रेंडन केनी, ब्रेट फिनले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते प्रथिन जिवाणूचंच आहे. जिवाणू सुईसारख्या पोकळ यंत्रणेतून ते पेशीत टोचतो. आत गेल्यावर पेशी त्याला फॉस्फेट जोडते, त्यामुळे त्याचं वजन बदललेलं दिसे आणि ओळख पटत नसे. त्याचं नाव टिर. टिरची दोन्ही टोकं पेशीच्या आत राहतात, मधला वळसा बाहेर येतो आणि त्यात इंटिमिन अडकतं. आतली टोकं पेशीच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना तिथे गोळा करतात, आणि ओटा तयार होतो.

आपल्या घरी आलेला पाहुणा आपली खुंटी शोधतो. हा पाहुणा येतानाच खुंटी घेऊन येतो, आपल्या भिंतीत ठोकतो आणि तिलाच लटकतो. सूक्ष्मजीवशास्त्रातला इतका विलक्षण शोध मला दुसरा आठवत नाही.

मग बाळाच्या बाजूनं कोण उभं राहतं? आईचं दूध. त्यातल्या काही शर्करा जिवाणूला पेशीवर चिकटण्यापासून रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पहिल्या चिकाच्या दुधात तर इंटिमिनविरुद्धची आणि त्या टोचण्याच्या यंत्रणेतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली आहेत. या जिवाणूशी आईच्या शरीराची गाठ आधी पडलेली असते, तिची आठवण बाळाला दुधातून मिळते.

आणि आपल्याकडे काही घरांत अजूनही ते पिवळसर घट्ट दूध जड म्हणून पिळून टाकतात, बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवतात. इथे बसलेल्या आज्या, मावश्या, आत्या यांना माझी हात जोडून विनंती आहे: चीक टाकू देऊ नका. बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत त्याला आईच्या छातीशी लावा.