मण्यारीचे देणे

  डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून गाठाव्या लागणाऱ्या आहुप्यात भरलेल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या, अध्यक्षाच्या, नावापुढे ‘मज्जाविकारांवरील आजचे संशोधन : एक आढावा’ असे छापले आहे. तो आढावा असा. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते ऱ्हासाचा वेग कमी करते, ऱ्हास थांबवत नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव तर नाही ना, हे पाहायला वारंवार एमआरआय लागतो. पक्षाघातात गुठळी तारेने ओढून काढण्याचे तंत्र २०१५ पासून प्रस्थापित झाले आहे. लहान मुलांच्या स्नायुक्षयावर जनुकोपचार निघाला, त्याची किंमत कोटींत आहे. या सगळ्यावर माझ्यापेक्षा जाणती माणसे दोन दिवस बोलणार आहेत. उरलेला वेळ मी एका तक्रारीसाठी घेतो. ती बरीच वर्षे मनात आहे आणि आपल्याच धंद्याविरुद्ध आहे.

पावसाळ्यात, भातलावणीने थकलेले माणूस जमिनीवर अंथरूण टाकून झोपते. रात्री मण्यार चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, एकाची दोन दिसतात, गिळता येत नाही, उशीवरून मान उचलत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो. ऐकतो, समजतो, पण हलता येत नाही आणि श्वास घेता येत नाही. हे वर्णन नाव न सांगता कुठल्याही न्यूरॉलॉजीच्या परीक्षेत ठेवा. विद्यार्थी मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर बोट ठेवील आणि पूर्ण गुण घेईल. तरीही आपल्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकांत हा आजार क्वचितच दिसतो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मज्जासंस्थेचे आजार ‘जी’ अक्षराखाली आहेत. सर्पविष ‘टी ६३’ खाली, विषबाधांच्या रांगेत. वर्गीकरण करणाऱ्याला कुठे तरी खाना पाडावाच लागतो, त्याला दोष नाही. त्या खान्याबाहेर आपण मान वळवून पाहत नाही, हा दोष आपला.

आणि या सापाचे आपण देणे लागतो. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळे केले. त्याचा अल्फा प्रकार स्नायूवरच्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहीला (रिसेप्टरला) इतका घट्ट चिकटतो, की त्याला धरूनच पुढे विद्युत-माशाच्या अवयवातून तो ग्राही शोधून वेगळा काढता आला. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी हा ग्राही सशांना टोचला, तर ससे लुळे पडले. शरीर स्वतःच्याच ग्राहीविरुद्ध लढू लागले होते. त्याच वर्षी हेच विष खूण म्हणून वापरून, स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंत ग्राही घटलेले असतात, हे दाखवले गेले. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार आपल्याला कळला तो असा. २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एफगार्टिजिमॉड आणि त्याच्या मागोमाग आलेली महागडी औषधे या समजुतीवरच उभी आहेत. मण्यारीच्या विषाने मायस्थेनियाच्या रुग्णाला इतके दिले. मण्यार चावलेल्याला आपण काय दिले?

पहिला आक्षेप ठरलेला आहे : हा विषबाधेचा विषय, तो फिजिशियनने पाहावा. मग पक्षाघात हा रक्तवाहिनीचा आजार आहे, गियाँ-बारे हा प्रतिकारशक्तीचा, धनुर्वात हा जंतूच्या विषाचा. हे तिन्ही आपण हक्काने आपले म्हणतो, कारण मार खाते ती मज्जासंस्था. कारण बाहेरचे आहे म्हणून आजार परका ठरत नाही. १९३४ साली मेरी वॉकर यांनी मायस्थेनियावर पहिला प्रभावी उपचार शोधला, तोच मुळी क्युरारेच्या विषबाधेशी असलेले साम्य पाहून. विषाकडे पाहून शिकणे हा आपल्या शास्त्राचा जुना रिवाज आहे. तो सोयीने विसरता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रतिसर्पविष शंभराहून अधिक वर्षांपासून आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच कुपी चालते. प्रश्न पुरवठ्याचा आणि रस्त्याचा आहे, त्यात संशोधन कसले? पुरवठ्याचा आणि रस्त्याचा प्रश्न आहेच, आणि तो आहुप्याला आपण सांगण्याची गरज नाही. पण एवढ्यावर विषय संपवणे म्हणजे अर्धे शरीरशास्त्र गाळणे. नागाचे विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला, ग्राहीवर बसते. तिथे निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. मण्यारीचे बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूच्या टोकालाच आतून उद्ध्वस्त करते. एकदा ते झाले की प्रतिसर्पविष रक्तातले विष धरते, तुटलेले टोक जोडत नाही. श्रीलंकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत हेच दिसले : रक्तातून विष गेले, लकवा राहिला. ते टोक पुन्हा उगवायला दिवस किंवा आठवडे लागतात, तोवर कुणी तरी श्वास चालू ठेवायचा असतो. मज्जातंतूच्या टोकाची ही पुनर्वाढ लवकर कशी होईल, हा न्यूरॉलॉजीचा प्रश्न नसेल तर कुणाचा आहे? काम बाहेर चालू आहे. हृदयविकारावर अपयशी ठरलेले व्हॅरेस्प्लॅडिब हे गोळीच्या रूपात देता येणारे औषध बीटा-बंगारोटॉक्सिन ज्या गटात मोडते, नेमक्या त्याच गटातल्या विषांना अडवते. भारत आणि अमेरिकेतल्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले : मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही, लवकर औषध मिळालेल्यांत मात्र आशेला जागा दिसली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेचा सहभाग असलेले, प्रयोगशाळेत घडवलेले मानवी प्रतिपिंड २०२४ सालीच प्रसिद्ध झाले. ते उंदरांना वाचवते. पण त्याचा रोख नागाच्या पद्धतीच्या, ग्राहीवर बसणाऱ्या विषांवर आहे, बीटा-बंगारोटॉक्सिनवर नाही. या वाक्यातली मेख जीवशास्त्रज्ञापेक्षा आपल्याला आधी कळायला हवी होती. आपण त्या चर्चेत नव्हतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : पुण्यातला न्यूरॉलॉजिस्ट आहुप्यातल्या दंशाला काय पुरणार? रात्री गाडी मिळवून घोडेगाव किंवा मंचर गाठेपर्यंत जे व्हायचे ते होते. खरे आहे. म्हणूनच वाटेतल्या माणसाला काय दिसले पाहिजे, हे ठरवण्याचे काम आपले. पापणी, मान, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, या तीन गोष्टी आशाताईला शिकवायला एमआरआय लागत नाही. श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहण्यालाही लागत नाही. रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यावर तर आपली गरज आणखी वाढते. मण्यारीच्या गाढ लकव्यात बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, डोळे हलत नाहीत, कुठलीच प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नाही. मेंदू मात्र जागा असतो. असे रुग्ण मेंदूमृत समजले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या मंडळात न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन बसवला आहे. मृत्यू जाहीर करायला आपण हजर आणि या आजाराच्या अभ्यासाला गैरहजर, हे चालणार नाही. या विषयावर महाराष्ट्रात लिहिले, शिकवले, रुग्ण वाचवले ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आणि इथून जवळ नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी. दोघेही ग्रामीण भागात राहून काम करणारे, दोघेही आपल्या शाखेबाहेरचे.

कुणी आकड्यांकडे बोट दाखवील : पक्षाघाताच्या तुलनेत हे किती? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यात मण्यारीचा वाटा वेगळा काढलेला नाही, आणि सर्वाधिक मृत्यूंच्या आठ राज्यांत महाराष्ट्र नाही, हेही मान्य. पण त्या मृतांतला पावाहून अधिक भाग पंधरा वर्षांखालच्या मुलांचा आहे. आणि आपल्या यादीत असे दुसरे आजार किती, ज्यांत पूर्ण लुळा पडलेला माणूस श्वास सांभाळला तर काही आठवड्यांत पुन्हा शेतात जातो? लेकानेमॅबने अठरा महिन्यांत दाखवलेल्या लहानशा फरकावर आपण टाळ्या वाजवतो. इथे फरक मरण आणि पूर्ण बरे होणे यांतला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, केंद्राने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. आपल्या वाट्याला काय घ्यावे, याचा तपशीलवार मसुदा मी आणलेला नाही. लकव्याच्या रुग्णांची एक समान नोंदवही असावी, ग्रामीण डॉक्टरांना रात्री फोनवर उत्तर देणारा कुणी असावा, आणि व्हेंटिलेटर कधी काढायचा याचे निकष आपल्या रुग्णांवरून ठरावेत, एवढे मला दिसते. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी होतात असे आढळले आहे. ते सह्याद्रीच्या या पट्ट्यात तपासून पाहणे दोन तरुण डॉक्टरांच्या आवाक्यातले आहे, खर्च नगण्य आहे. पुढच्या परिषदेत या विषयाला पूर्ण सत्र द्यावे, जेवणानंतरचे नव्हे, सकाळचे. घोडेगावचे आणि मंचरचे डॉक्टर इथे बसले आहेत. प्रश्नोत्तरांत पहिला माईक त्यांच्याकडे जावा अशी संयोजकांना विनंती करून मी थांबतो.