आज्ञा देण्याची विद्या
(नभोवाणीवरील भाषण)

लिनक्स या संगणक-प्रणालीचें नांव आपणांपैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. ज्यांनीं तें ऐकलें नाहीं, त्यांच्याही खिशांत ती बहुधा आहे. कारण ॲण्ड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच होय. जगांतील पांचशें बलाढ्य महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींत २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून दुसऱ्या प्रणालीवर चालणारा एकही संगणक नाहीं. तथापि "पडद्यावरील चित्रावर बोट ठेवून काम होत असतां काळ्या पाटीवर अक्षरें कां टंकित करीत बसावें?" असें मला पुष्कळ जण विचारतात. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक. सेवानिवृत्तीनंतर ही विद्या शिकलों व आतां गांवांतील कांहीं मुलांस शिकवितों. त्या आधारें या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाच्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला. ती युनिक्ससारखीच असावी, परंतु ज्या मूळ लेखनावरून ती घडते, तें कोणासही वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां यावें, असा त्यांचा हेतु होता. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षीं तो ग्नूच्या परवान्याखालीं सर्वांस मोकळा केला. म्हणजे हें घर बिनकुलपाचें आहे. परंतु दार उघडें असलें तरी आंत काय कोठें आहे, हें ज्याचें त्यानेंच पाहावें लागतें.

तें पाहण्याचें साधन म्हणजे आज्ञा. 'पीडब्ल्यूडी' हीं तीन अक्षरें लिहिलीं, कीं आपण कोणत्या फोल्डरांत उभे आहों तें कळतें. 'एलएस' लिहिलें, कीं तेथें काय काय आहे तें दिसतें. 'सीडी' लिहून दुसरीकडे जातां येतें. परंतु माझ्या मतें पहिली शिकण्याजोगी आज्ञा 'मॅन' ही होय. मॅन म्हणजे येथें मनुष्य नव्हे, तर मॅन्युअल. या शब्दापुढें कोणत्याही आज्ञेचें नांव लिहावें, कीं तिची माहिती समोर येते. या माहितीचे विभाग पाडलेले आहेत: पहिल्यांत नित्याच्या आज्ञा, पांचव्यांत फाईलींची रचना, आठव्यांत व्यवस्थापकाचीं कामें. युनिक्सचें असें पहिलें पुस्तक १९७१ सालच्या नोव्हेंबरांत निघालें; त्यांतही 'दोष' असें एक सदर होतें. आपल्या वस्तूचे दोष आपणच छापून सांगणारा दुकानदार विरळा! मुलांस इंग्रजीची भीति वाटते. पण या पानांतील इंग्रजी ठराविक असतें, व रोज एक पान वाचणाऱ्यास तें महिन्याभरांत ओळखीचें होतें.

आतां चित्रांहून शब्द श्रेष्ठ कां, तें उदाहरणानें पाहूं. शाळेंतील तीनशें मुलांच्या गांवांची यादी एका फाईलींत आहे. प्रत्येक ओळींत एक गांव. कोणत्या गांवाचीं किती मुलें, हें काढावयाचें आहे. 'सॉर्ट' ही आज्ञा ओळी क्रमानें लावते. 'युनिक' ही आज्ञा सारख्या ओळी एक करते व 'वजा सी' जोडल्यास त्यांची संख्याही सांगते. दोहोंमध्यें एक उभी रेघ दिली, कीं पहिलीचें उत्तर आपोआप दुसरीच्या हातीं जातें. ही जोडणीची सोय १९७३ सालीं डग मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून युनिक्समध्यें आली. मात्र 'युनिक' ही केवळ लागोपाठच्या ओळी ताडून पाहते. आधीं 'सॉर्ट' न केल्यास एकच गांव चार ठिकाणीं उमटेल. मुलांस हें कळलें, कीं 'क्रम' या शब्दाचा अर्थ त्यांना निराळा सांगावा लागत नाहीं.

पुढची पायरी व्यवस्थापनाची, आणि खरा कस येथेंच लागतो. लिनक्समध्यें प्रत्येक फाईलीचे संबंधी तीन: मालक, गट आणि इतर जन. अधिकारही तीन: वाचणें, लिहिणें व चालविणें. त्यांचे अंक अनुक्रमें ४, २ व १. यांची कशीही बेरीज केली तरी प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच निघतो. ६ म्हणजे ४ अधिक २, दुसरें कांहीं होऊंच शकत नाहीं. समजा, गुणांची एक फाईल आहे. मुख्याध्यापकांनीं ती वाचावी व लिहावी, शिक्षकांच्या गटानें केवळ वाचावी, इतरांस ती वाचतांही येऊं नये. तर तिचा अंक ६४०. 'सीएचमॉड' या आज्ञेनें तो अंक द्यावा, कीं झालें. कोणावर किती विश्वास टाकावा, हा व्यवहारांतील प्रश्न येथें तीन अंकांत मांडावा लागतो. मोघम बोलून चालत नाहीं.

या सर्वांच्या वर 'रूट' हा सर्वाधिकारी. त्यास सहसा कोणतीच मनाई नसते. त्याचा अधिकार एका आज्ञेपुरता उसना घेण्यासाठीं 'सूडो' हा शब्द आहे, व तो कोणी केव्हां वापरला याची नोंदही राहते. 'परवानगी नाहीं' असा संदेश दिसला, कीं मुलांचा हात तत्काळ सूडोकडे धांवतो. एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, सूडोनें सगळेंच होतें, तर तेंच नेहमीं कां लिहूं नये?" मीं म्हटलें, "बाळ, नकार कां मिळाला तें आधीं वाच. बहुधा ती वस्तु तुझी नसते." माझ्या समजुतीप्रमाणें व्यवस्थापनाचें अर्धें शास्त्र इतकेंच आहे.

उरलेलें अर्धें सावधगिरीचें. 'आरएम' या आज्ञेनें पुसलेलें टोपलींत जाऊन पडत नाहीं, तें जातेंच. 'जुनी' या शब्दास लागून तारकाचिन्ह दिलें, तर 'जुनी'नें आरंभ होणाऱ्या फाईली जातील. पण दोहोंमध्यें एक रिकामी जागा सुटली, तर त्या फोल्डरांतील सर्वच फाईली जातील. म्हणून तेंच नांव प्रथम 'एलएस'पुढें लिहावें, जी यादी येईल ती डोळ्यांखालून घालावी, आणि मगच 'आरएम' म्हणावें. तसेंच महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. व महिन्यांतून एकदां तींतील एखादी फाईल परत आणून उघडून पाहावी. जी प्रत परत आणून पाहिली नाहीं, तिच्यावर भिस्त ठेवणें व्यर्थ होय.

श्रोतेहो, शाळांतून, पतपेढ्यांतून, वाचनालयांतून लोकांच्या नोंदी आज संगणकांत सांठत आहेत. त्या कोणाच्या हातीं आहेत, हा प्रश्न लहान नाहीं. ज्या गांवांत एकही मनुष्य आपल्या यंत्रास स्वतः आज्ञा देऊं शकत नाहीं, तें गांव आपल्याच दप्तरासाठीं परक्याच्या तोंडाकडे पाहत राहील. लिनक्सला मूल्य पडत नाहीं. दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही तें शिकतां येतें. यंत्र आपण लिहिलेलें तंतोतंत करतें, मनांतलें करीत नाहीं. म्हणून लिहिण्यापूर्वीं वाचावें, आणि लागेल तेवढाच अधिकार घ्यावा. एवढें ज्यास साधलें, त्याच्या हातीं गांवाचें दप्तर निर्धास्तपणें सोंपवावें.