दोन जिवांचा डबा



गरोदर स्त्रीच्या आहारावर बोलायला कामगार युनियनचा माणूस कशाला, असे आपल्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु या विषयाने आमच्या घरात शिरून आम्हांला शहाणे केले, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

आमचा थोरला मुलगा जन्मला तेव्हा चार किलोंहून अधिक भरला. आम्ही साऱ्या चाळीत पेढे वाटले. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ म्हणत आमच्या आईने सुनेला नऊ महिने शिरा, लाडू, गोड चहा दिला, सगळे मायेपोटी. रक्तातली साखर कोणी तपासली नाही, आणि तपासा असे आम्हीही म्हटले नाही. दहा वर्षांनी आमच्या मंडळींना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘मुलांची जन्माची वजने किती होती?’ त्या वेळी साखर वाढली होती की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या प्रश्नाचा अर्थ शोधताना आम्ही पुष्कळ वाचले.

अर्थ असा. गर्भारपणी वारेतून काही रस स्रवतात, ते आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. मग स्वादुपिंडाला जादा काम पडते. आमच्या भाषेत सांगायचे तर तो ओव्हरटाइमच. ज्या बाईचे स्वादुपिंड तो झेपवू शकत नाही, तिची साखर वाढते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. बाळ स्वतःचे इन्सुलिन जादा तयार करते आणि फाजील वाढते. बाळंतपण अवघड होते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते, आणि आईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

मग गर्भिणीला उपाशी ठेवावे काय? मुळीच नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधील बाळांचे साडेतीनच्या आसपास. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. ज्या माता पालेभाजी, फळे, दूध वारंवार घेत, त्यांची बाळे अधिक भरत. म्हणजे कुपोषण आणि साखर हे दोन शत्रू एकाच घरात नांदतात.

तेव्हा ‘दोघांचे खा’ याचा हिशेब नीट करू. पुढच्या महिन्यांत दिवसाला जादा हवे ते सुमारे 350 कॅलरींचे अन्न. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. ताट दुप्पट करायचे नाही, ताटातले बदलायचे. भाताचा ढीग कमी. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी, दही, अंडे, मासळी अधिक. गूळ हीदेखील साखरच. साबुदाणा उपासाचा असला तरी तो निव्वळ पिष्ट. फळ खावे, रस पिऊ नये. आणि एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. एवढ्यानेही साखर आवरली नाही, तर इन्सुलिन घेण्यात कमीपणा नाही.

येथे आमच्या धंद्याचा संबंध येतो. एका कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या एका भगिनीला सहाव्या महिन्यात साखर निघाली. डॉक्टरांनी दर दोन-तीन तासांनी थोडे खायला सांगितले. ती पहाटे न खाता घर सोडी, आठ तास उभी राही, जेवणाची सुट्टी एकदाच, आणि चहा येई तो आधीच साखर घातलेला. आम्ही व्यवस्थापनाकडे गेलो. ‘घरचे प्रश्न घरी सोडवा,’ असे उत्तर मिळाले. आमच्या कमिटीतही एक जण म्हणाला, ‘युनियनने आता डोहाळेही पुरवायचे काय?’ सगळे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ती बाई हसली नाही. म्हणाली, ‘दादा, डॉक्टरांचा कागद माझ्या हातात आहे, पण घड्याळ मुकादमाच्या हातात आहे.’

त्या वाक्यावर आमचे मागणीपत्र उभे राहिले. गरोदर कामगारणींना दहा मिनिटांच्या दोन जादा सुट्ट्या, बसायला स्टूल, बिनसाखरेचा चहा. करारावर सह्या झाल्या तेव्हा ती रजेवर गेली होती. फायदा तिच्या मागून येणाऱ्यांना झाला.

मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशासाठी 1961 साली झाला, 2017 साली रजा 26 आठवड्यांवर गेली. यामागे झगडे आहेत. पण रजेआधीच्या महिन्यांतला डबा कधी उघडायचा, हे अजून मुकादमच ठरवतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुणेभांडी करायला बाई येते. ती गरोदर असेल, तर तिचा मुकादम आपणच. उरलेला शिरा तिला देऊन पुण्य जोडू नका. भाकरी-उसळ द्या, बसून खाऊ द्या, आणि तपासणीसाठी पगार न कापता सुट्टी द्या. तपासणी सोपी आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपाशीपोटी जावे लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. साखर 140 किंवा अधिक आली, की उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा, 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, आणि साखर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणखी एकदा. ही शेवटची तपासणी बाळाच्या कौतुकात हमखास राहून जाते.

आमच्या घरी ती एकदाही झाली नाही. आम्ही पेढे वाटत होतो. आपण पेढे जरूर वाटा. फक्त त्याआधी आईची साखर तपासली का, एवढे विचारा.