उतारवयातील संसार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अमरावती येथे झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्याचे निमंत्रण घेऊन विश्वस्त मंडळी घरी आली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी व्याख्याता नाही. १९७९ साली नागपूर विद्यापीठाची बी. कॉम. पदवी घेतली (त्या वेळी अमरावतीला विद्यापीठ नव्हते, ते १९८३ मध्ये झाले) आणि वडिलांच्या शेजारी गादीवर जाऊन बसलो. त्यानंतरचे आयुष्य कापड मोजण्यात गेले. परंतु एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "उपदेश करणारे पुष्कळ मिळतात. आपण घरात काय घडते तेवढेच सांगा." ते उपदेशापेक्षा अवघड आहे, हे मला लिहावयास बसल्यावर कळले. सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत. काही चुकले तर त्या दुरुस्त करतील, आणि न चुकले तरी करतील.

आपल्या वयातील तक्रारी लहान असतात, हीच त्यांची मोठी अडचण आहे. मोठे दुःख झाले तर चार माणसे विचारपूस करावयास येतात. पण चष्मा ठेवलेल्या जागी सापडत नाही, मोबाईलवरचा ओटीपी वाचून होईपर्यंत त्याची मुदत संपते, सूनबाईंनी काळजीपोटी भाजीतील मीठ कमी केले आहे, या गोष्टी कोणाला सांगाव्या? सांगितल्या तर आपणच हास्यास्पद ठरतो, आणि न सांगाव्या तर दिवसभर मनात कुरकुर चालू राहते.

माझी स्वतःची कुरकुर संध्याकाळच्या जेवणाची होती. आमचे दुकान खाली आणि घर वर. मध्ये अठरा पायऱ्या. आम्ही उभयता सूर्यास्तापूर्वी जेवतो. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा फारसे अडत नाही. परंतु डिसेंबरच्या आरंभी पावणेसहाच्या आतच सूर्यास्त होतो. म्हणजे सव्वापाचला ताटे मांडली पाहिजेत. ती वेळ दुकानात गिऱ्हाइकीची. चिरंजीव रात्री नऊला शटर ओढून वर येणार, सूनबाई त्याच्यासाठी थांबणार. समाजात आमची गणना एकत्र कुटुंबात होते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे आम्ही दोघे म्हातारे एका बाजूला भिंतीकडे पाहत जेवत होतो, आणि तरुण मंडळी रात्री दूरदर्शन संचाकडे पाहत.

मध्यंतरी नात आमच्या सोबत बसू लागली. शिकवणीहून थेट स्वयंपाकघरात यायची, पाटावर बसायची, शाळेतील भांडणे सांगत सांगत एक पोळी खायची. मला वाटले, मुलीला लवकर जेवण्याचा संस्कार लागला. मी दोन-तीन ठिकाणी अभिमानाने सांगितलेही. पुढे एकदा रात्री पाणी पिण्यास उठलो, तर कन्यारत्न आईवडिलांसोबत यथास्थित भात कालवीत बसलेले. विचारले तेव्हा म्हणाली, "आजोबा, तुम्ही दोघेच असता ना, म्हणून थोडेसे तुमच्याकडे खाते. मग इकडे." संस्काराची गोष्ट मी त्यानंतर कोणाला सांगितली नाही. पण ती दुसरी जेवणारी मुलगी आठवली की आजही बरे वाटते.

ही तक्रार मी माझ्या थोरल्या भगिनीजवळ केली होती. ताई अकोल्याला असतात. मेहुणे आता नाहीत, दोन्ही भाचे पुण्याला संगणकाच्या नोकरीत. अमरावती-अकोला हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण तो रस्ता अनेक वर्षे असा होता की, ताईंना भेटावयास न जाण्याचे कारण शोधावे लागत नसे. मग जून २०२२ मध्ये त्याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ताईंचा त्याच आठवड्यात फोन आला. "पाच दिवसांत रस्ता झाला म्हणे. आता तुला किती दिवस लागतात ते पाहते." मला दीड महिना लागला.

एस.टी.ने जावे तर तेथे वेगळी गंमत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. मला पासष्ट पूर्ण होण्यास तेव्हा आठ महिने शिल्लक होते. त्यामुळे ते आठ महिने सौभाग्यवतींचे अर्धे आणि माझे पूर्ण. घरात कोण महाग पडते, असे त्या वाहकासमोर विचारीत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच. पंचाहत्तरीनंतर एस.टी. पूर्ण मोफत आहे. ऑगस्ट २०२२ पासूनची ती योजना. तेथपर्यंत पोहोचण्याचा विचार आहे.

अकोल्याला नळाला पाणी रोज येत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. काटेपूर्णेच्या पाण्यावर ते शहर जगते आणि नळ येण्याच्या दिवसावर घरोघरचे पंचांग चालते. ताईंना लग्नाचे निमंत्रण दिले तर त्या प्रथम नळाचा दिवस मोजतात, मग मुहूर्त पाहतात. त्या दिवशी मी जेवणाची तक्रार केली, तेव्हा त्या घागरी भरीत होत्या. नळ बंद न करताच म्हणाल्या, "माझी मुले सकाळ-संध्याकाळ फोन करतात. औषध घेतले का, जेवलीस का, विचारतात. मी होय म्हणते. तुला होय म्हणावे लागत नाही, तुझा मुलगा अठरा पायऱ्या चढून वर येतो." एवढे बोलून त्यांनी दुसरी घागर लावली. पुण्याला राहावयास जाण्याचा विषय काढला की त्या नळाचे कारण सांगतात. खरे कारण मेहुण्यांची खुर्ची आहे, हे भाच्यांनाही माहीत आहे. ते विचारावयाचे थांबले आहेत, हे मला योग्य वाटते.

अशा मेळाव्यात कायद्याची माहिती द्यावी असा प्रघात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. निर्वाहाचे साधन नसलेल्या आईवडिलांना उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूळ कायद्यात दरमहा कमाल १०,००० रुपयांची मर्यादा आहे. व्यापारी मंडळींनी त्यातील कलम २३ अवश्य वाचावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता मुलांच्या नावे करून दिली आणि पुढे त्यांनी सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. मात्र अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी, हे उत्तम.

दुकान चिरंजीवाच्या नावे करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला होता. मी अट लिहिली. कागद करताना मुलगा काही बोलला नाही. पण गादी कागदाने सुटत नाही, हे मला २०१८च्या वैशाखात समजले. ती हकीकत सांगावी की नाही, यावर घरात चर्चा झाली. चिरंजीवाने परवानगी दिली आहे.

दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. तो भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारट, पीक पावसाच्या भरवशावर. आदल्या हंगामात, म्हणजे २०१७ मध्ये, गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला होता, त्यात यांचाही गेला. मागील बाकी राहिली होती आणि आता नातीच्या लग्नाचा बस्ता बांधावयास ते आले होते. मुलाने नम्रपणेच म्हटले, "काका, मागची निदान निम्मी बाकी द्या, मग बस्ता बांधू." त्यावर मी गादीवरून, दोन नोकर आणि ते गिऱ्हाईक यांच्यासमोर म्हणालो, "या गादीवर अजून मी बसलो आहे. तुझ्या संगणकाने या माणसाचे घर पाहिले आहे काय?"

बस्ता बांधला गेला. शेतकरी मान खाली घालून गठ्ठा घेऊन गेले. माझ्या औदार्याने सर्वांत अधिक संकोच त्यांनाच झाला होता. मुलाने गल्ला बंद केला, एक शब्द बोलला नाही. रात्री मी जाहीर केले की, उद्यापासून मी खाली येणार नाही.

नऊ दिवस मी वर बसून होतो. चाळीस वर्षे ज्या माणसाने दुकान केले, त्याला वर बसूनही खालचे सर्व दिसते. कात्रीने टोक कापून कापड हाताने फाडले की, त्या आवाजावरून पोपलीन आहे की टेरीकॉट, हे मी सांगू शकतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले, हेही पावलांवरून कळे. सौभाग्यवती म्हणाल्या, "एक तर खाली जा, नाहीतर कान तरी वर घेऊन या."

नवव्या रात्री मुलगा जुनी उधारीची वही घेऊन वर आला. म्हणाला, "बाबा, यातली त्रेचाळीस खाती मला लागत नाहीत. तुमचे अक्षर वाचून द्या." आम्ही बसलो. मी नाव वाचावयाचे, तो लिहून घेणार. नावाबरोबर मी त्या घराची माहिती सांगू लागलो. याचा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला, याने बहिणीचे कर्ज फेडले, हा बुडवणारा आहे, याला देऊ नको. तो सर्व लिहीत होता. मग त्याने त्याची वही उघडली.

आपणांपैकी कापड व्यवसायातील मंडळी जाणतात की, १९५७ पासून कापडावर राज्याचा विक्रीकर नव्हता, त्याऐवजी गिरणीतच अतिरिक्त उत्पादन शुल्क आकारले जाई. साठ वर्षांनी, १ जुलै २०१७ रोजी, जी.एस.टी. आला आणि आमचा धंदा प्रथमच त्या जाळ्यात आला. सुरतेच्या बाजारात तेव्हा कित्येक दिवस हरताळ चालला. मी ते सारे मुलावर सोपवून मोकळा झालो होतो. आता तो मला दाखवीत होता की, उधारीवर दिलेल्या मालाचा करही पुढील महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिवाळीत दिले तरी. तो कर आणि माझी उधारी, दोन्ही पेलण्यासाठी त्याने बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून घेतली होती. व्याज दरमहा जात होते. माझा दिलदारपणा तो व्याजाने चालवीत होता आणि त्याने मला ते सांगितले नव्हते. का नाही सांगितले, असे विचारले. म्हणाला, "तुम्हांला वाईट वाटले असते."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो, पण गल्ल्यापासून दूर, थानांच्या बाजूला बसलो. आजही तेथेच बसतो. परंतु चार माणसांत बोललो होतो त्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली नव्हती. हिशेब समजला म्हणजे प्रश्न मिटला, असे मी धरून चाललो. भाद्रपदात क्षमापनेच्या दिवशी याच सभागृहात मी शेकडो जणांपुढे हात जोडले. त्यांपैकी बहुतेकांचे मी काही बिघडवले नव्हते. घरी परतताना पायऱ्यांवर मुलगा समोरून उतरत होता. मी थांबलो आणि हात जोडले. तो गोंधळला, "बाबा, हे काय", म्हणून माझे हात धरू लागला. मी म्हटले, "वैशाखातले." त्याला समजले. तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि मग पाया पडला. खालून नोकर पाहत होता. मला ते बरेच वाटले, कारण वैशाखातही तोच साक्षीदार होता.

त्याच वर्षी डिसेंबरात ते शेतकरी आले. कापूस विकला होता. मी वर ताटावर बसलो होतो, सूर्यास्तास थोडा अवधी होता. खालून आवाज आला, "मोठे शेठ कुठी गेले?" मुलगा म्हणाला, "जेवायला बसले आहेत. पैसे नंतर मोजू, काका, आधी वर चला." ते नको म्हणत होते, चपला मळल्या आहेत म्हणत होते. मग अठरा पायऱ्यांवर दोन माणसांची पावले वाजली. भर गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान नोकरावर सोडून मुलगा त्यांच्यासोबत वर आला होता. सूनबाईंनी आणखी दोन ताटे मांडली. शेतकऱ्यांनी नातीच्या लग्नाची सर्व हकीकत सांगितली, कोणते पातळ कोणाला दिले त्यासकट. मुलगा माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि भाजीत मीठ कमी आहे, असे त्याने सूनबाईंना सांगितले.

जय जिनेंद्र.